नदीवरची नोकरी आणि मांजरांचा गोतावळा

मांजर हा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर शोभतो का, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येईल. वसंतातल्या या संध्याकाळी आपण अर्थकारण ऐकतो, इतिहास ऐकतो, एखाद्या संतावर सलग दोन दिवस बोलणे होते. त्यांच्या पंक्तीला मांजर आणून बसविणे म्हणजे पाटाखाली घुटमळणाऱ्याला पाटावर घेण्यासारखे आहे. शंका रास्त आहे. परंतु आमचा आजचा प्रश्न असा आहे : ज्या माणसाचा मुक्काम रोज हलतो, त्याने आपल्या आवडीच्या माणसांशी धागा कसा राखावा? हा प्रश्न ज्यांना रोज पडतो त्यांत नदीवरच्या बोटींवर नोकरी करणारी माणसे आहेत, आणि त्यांच्यापैकी ज्यांना मांजरांचे वेड आहे त्यांच्यापुढे तो जरा निराळ्याच रूपाने उभा राहतो. म्हणून आम्ही हा विषय निवडला.

समुद्रावर जाणारा खलाशी आणि नदीवर काम करणारा खलाशी यांच्या एकटेपणात एक फरक आहे, तो प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. समुद्रावरच्या माणसाला चारी दिशांना पाणीच पाणी दिसते. घर लांब आहे, हे त्याला डोळ्यांनीच पटते. नदीवरच्या माणसाला दोन्ही काठ दिसत असतात. दिवेलागणीला घराघरांतून उजेड दिसतो, अंगणात वाळत घातलेले धुणे दिसते, कुंपणावर बसून पंजा चाटणारे मांजरदेखील दिसते. बोट मात्र थांबत नाही. गोव्यात मांडवी-झुआरीवरून लोहखनिज वाहून नेणाऱ्या बार्जी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. पुलावरून आपण त्या माणसाकडे पाहतो, तोही आपल्याकडे पाहतो, आणि एवढ्यावर ओळख संपते. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर बार्जींचा तांडा बांधून तो पुढे ढकलीत नेणाऱ्या बोटी असतात. त्यांच्यावर सलग २८ दिवस काम आणि मग १४ किंवा २८ दिवस सुटी, अशी वहिवाट आहे. सहा तास काम, सहा तास विश्रांती, पुन्हा सहा तास काम, असे दिवसाचे चार तुकडे पडतात. युरोपात ऱ्हाइन नदीवरच्या पुष्कळ बोटींवर दोन आठवडे पाण्यावर आणि दोन आठवडे घरी, असा क्रम आढळतो. अशा नोकरीत गावची भिशी, भजन, ग्रंथालयाची सभा, यांपैकी एकही गोष्ट नियमाने साधत नाही.

आता मांजर आवडणाऱ्याची अडचण पाहा. कुत्रा पाळणारी माणसे एकमेकांना रस्त्यात भेटतात. सकाळी साखळी हातात घेऊन निघाले की कोपऱ्यावर दुसरा साखळीवाला भेटतो, कुत्री एकमेकांना हुंगतात आणि मालकांची बोलणी सुरू होतात. मांजराच्या बाबतीत असे काही घडत नाही. मांजर घरात बसते, आणि कोणाच्या घरात कोणते मांजर आहे, हे शेजाऱ्यालादेखील पुष्कळदा ठाऊक नसते. त्यामुळे मार्जारप्रेमी माणसांना एकत्र येण्यासाठी मुद्दाम काही करावे लागते. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १३ जुलै १८७१ रोजी हॅरिसन वेअर या चित्रकाराने मांजरांचे मोठे प्रदर्शन भरविले, आणि १८८७ साली तेथे राष्ट्रीय मार्जार मंडळ स्थापन झाले. त्यापूर्वी मांजराचा लळा ही ज्याची त्याची घरगुती बाब होती. पुढे तिला सभासद, प्रदर्शने आणि पत्रव्यवहार लाभला. पण प्रदर्शनाची तारीख ठरलेली असते आणि बोटीची तारीख पाण्यावर, मालावर व धुक्यावर ठरते. तेव्हा नदीवरच्या माणसाच्या वाट्याला पत्रव्यवहारच उरतो.

आता कोणी विचारील, की ज्याला एवढा लळा आहे त्याने मांजरच बोटीवर न्यावे. पूर्वी नेतही असत, आणि त्यात लाडापेक्षा व्यवहार अधिक होता. बोटीवर धान्य असते, दोर असतात, कापड असते, आणि जेथे धान्य तेथे उंदीर. भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांचा ‘कॉन्सुलात दे मार’ नावाचा एक मध्ययुगीन कायदेसंग्रह आहे. त्यात असा नियम आहे, की जहाजावर मांजर नसल्यामुळे उंदरांनी मालाची नासाडी केली तर ती भरपाई जहाजमालकाने द्यावी. मांजरे निघताना बरोबर घेतली होती, ती वाटेत मेली, आणि नवी मांजरे मिळण्याजोगे बंदर लागण्यापूर्वीच नासाडी झाली, तर मालकावर दोष नाही. हे वाचून आम्हांला त्या कायदेपंडितांचे कौतुक वाटले. मांजर मरते, त्याच्या जागी दुसरे मिळायला वेळ लागतो, एवढा बारकावा त्यांनी कलमात बसविला. जुन्या मांजरांच्या हाडांतील आनुवंशिक द्रव्य तपासून २०१७ साली शास्त्रज्ञांनी जे निष्कर्ष मांडले, त्यांतही जलमार्गांचा हात दिसतो : इजिप्तकडच्या वंशाची खूण त्यांना बाल्टिक समुद्राकाठी व्हायकिंगांच्या एका बंदरात, राल्सविक येथे, सातव्या शतकातल्या मांजरात सापडली. इतक्या दूर ते चालत गेले असेल असे वाटत नाही. आपल्याकडे मांजर आडवे गेले की चार पावले मागे येण्याची रीत आहे. बोटीच्या दहा हात रुंदीत मांजर दिवसातून वीस वेळा आडवे जाते; तेथे ही रीत पाळायची म्हटली तर बोट धक्क्यावरून हलायची नाही.

नदी, बोट आणि मांजर ही तिन्ही ज्याच्या आयुष्यात एकत्र आली असा जगप्रसिद्ध माणूस म्हणजे सॅम्युएल क्लेमेन्स, म्हणजेच मार्क ट्वेन. या टोपणनावाचा उगमच नदीत आहे. बोटीच्या नाळेवर उभा राहून पाण्याची खोली मोजणारा माणूस दोन वाव पाणी लागले की जी आरोळी देई, ती ही. आपल्या कोकणातल्या खलाशाला हे समजावून सांगावे लागणार नाही. तोही पाणी वावांतच मोजतो. क्लेमेन्स १८५७ साली मिसिसिपीवर होरेस बिक्स्बी नावाच्या वाटाड्याच्या हाताखाली उमेदवारीला लागला. शिकवणीची फी ५०० डॉलर ठरली होती. अशा वाटाड्याला तिकडे पायलट म्हणतात. विमानाने तो शब्द पुढे उसना घेतला. ९ एप्रिल १८५९ रोजी त्याला परवाना मिळाला, आणि १८६१ साली यादवी युद्धाने नदीची वाहतूक बंद पडेपर्यंत त्याने ही नोकरी केली. सेंट लुइसपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत सुमारे १२०० मैलांचा तो मार्ग होता. सेंट लुइसला त्याची बहीण पामेला राहत असे, आईही तेथे राहू लागली, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत तो त्याच घरी उतरे.

ही आई आमच्या विषयाला फार जवळची आहे. जेन क्लेमेन्स ही विलक्षण मार्जारप्रेमी बाई होती. भटकी, मार खाल्लेली, कोणी उभे न करणारी मांजरे तिला कशी कोण जाणे लांबून ओळखीत आणि तिच्या मागे घरी येत. १८४५ च्या सुमारास एका वेळी आपल्या घरात १९ मांजरे होती, असे मुलाने आत्मचरित्रात नोंदले आहे. मुलाने हे वेड आईकडूनच घेतले आणि ते म्हातारपणापर्यंत जपले.

त्या काळच्या बोटीवरून घरी पत्र कसे जाई, हे जाणून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत १८५५ पासून टपालहशील आगाऊ भरणे सक्तीचे झाले. अर्ध्या औंसाचे पत्र ३००० मैलांच्या आत कोठेही ३ सेंटांत जाई. बोटीवर बसून लिहिलेले पत्र बोटीच्या कारकुनाच्या हाती देता येई. तो ते पुढच्या गावच्या टपालकचेरीत पोचते करी, आणि तेथे त्यावर ‘स्टीम’ असा शिक्का बसे. म्हणजे बोटीवरून काठावर पत्र पाठविणे फारसे अवघड नव्हते. अवघड होते ते उलट : काठावरून बोटीवर. बोट आज कोणत्या धक्क्याला आहे, हे घरच्या माणसाला ठाऊक हवे. नाही तर पत्र मेम्फिसला पोचते आणि बोट तोपर्यंत विक्सबर्गला गेलेली असते.

याचा अत्यंत कठोर अनुभव क्लेमेन्सला जून १८५८ मध्ये आला. त्याचा धाकटा भाऊ हेन्री ‘पेनसिल्व्हेनिया’ या आगबोटीवर होता. ती मेम्फिसच्या खालच्या अंगाला स्फोट होऊन जळाली. क्लेमेन्स मागून दुसऱ्या बोटीने वर येत होता. ग्रीनव्हिलला कोणीतरी काठावरून ओरडून बोट उडाल्याचे सांगितले. नेपोलियन नावाच्या गावी वर्तमानपत्राचा जादा अंक हाती आला. भावाला काही झालेले नाही असे त्यात होते. आणखी वर गेल्यावर दुसरा जादा अंक मिळाला, आणि भाऊ वाचण्यापलीकडे जखमी आहे असे त्यात छापले होते. नदीवरच्या माणसाला बातमी कशी मिळते ते यावरून समजावे : तुकड्यातुकड्यांनी, एकमेकीला खोटे पाडणारी, आणि मधल्या अंतरात करण्यासारखे हाती काहीच नसताना. मेम्फिसला पोचल्यावर त्याने सेंट लुइसला तारा केल्या आणि मग पत्र लिहिले. तातडीचे तारेने आणि बाकीचे पत्राने, हा भेद परिस्थितीनेच शिकविला.

इंग्लंडातल्या कालव्यांवर तर पत्राचीही सोय बेताची होती. अरुंद नावांवर सारे कुटुंब राहत असे, आणि नाव एका जागी ठरत नसल्याने मुलांना शाळा मिळत नसे. त्यामुळे बहुतेक नाववाले निरक्षर राहिले. त्यांचे टपाल कालव्याच्या दरवाजांवरचे रखवालदार किंवा जकातनाक्याचे कारकून सांभाळीत आणि प्रसंगी वाचूनही दाखवीत. पण खरा भर तोंडी निरोपावर होता. समोरून येणाऱ्या नावेला ओरडून सांगायचे, ती पुढच्या नावेला सांगणार, आणि काठाकाठाने बातमी चालत राहणार. कॉव्हेंट्रीजवळ हॉक्सबरीच्या सांध्यावर नावा कामाचा हुकूम येईपर्यंत खोळंबून राहत. तेथे बसल्याबसल्या मुलुखभराची खबर मिळे. कोणाला मूल झाले, कोणाचे माणूस गेले, कोणाचा घोडा लंगडा झाला. यातले मर्म आमच्या मते एवढेच, की माणूस हलता असला तरी काठावरचे एखादे ठिकाण पक्के असावे लागते. रखवालदाराची कोठडी असो की बहिणीचे घर, निरोप तेथे येऊन थांबला पाहिजे.

डेट्रॉइट नदीवर याच्या उलट युक्ती निघाली. तेथे वेस्टकॉट नावाच्या माणसाने १८७४ साली जहाजांना निरोप पोचविण्याचा धंदा काढला. चालत्या जहाजाला आपली होडी नेऊन भिडवायची, वरून दोराला बांधून बादली सोडली जाते, तीत पत्रे टाकायची आणि बादली वर जाते. जहाज थांबत नाही, वेग फारसा कमी करीत नाही. १९४८ साली या होडीला अमेरिकन टपाल खात्याने तरत्या टपालकचेरीचा दर्जा दिला, आणि पुढे तिला स्वतःचा टपाल क्रमांकही मिळाला, ४८२२२. विहिरीवर पोहरा सोडणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ही युक्ती सुचायला वेळ लागला नसता. काम मात्र जिवावरचे आहे. २००१ साली ही होडी उलटून दोघांचा अंत झाला.

आता आम्ही ज्या प्रसंगाकडे येत आहोत तो चीनमधला आहे आणि त्यातली बोट ही खरे पाहता समुद्रावरची युद्धनौका आहे. परंतु ती १०१ दिवस एका नदीत अडकून पडली, म्हणून तिला येथे स्थान देण्यास हरकत नसावी. ‘अ‍ॅमेथिस्ट’ हे ब्रिटिश आरमाराचे जहाज. १९४८ साली हाँगकाँगच्या गोदीत त्यावरच्या एका सतरा वर्षांच्या खलाशाला एक उपाशी काळे-पांढरे मांजर सापडले. त्याने ते लपवून जहाजावर आणले. कप्तानाला कळले तेव्हा तो रागावला नाही. उंदीर फार झाले होते. मांजराचे नाव सायमन. कप्तानाची टोपी उलटी पडली असेल तर तीत ते झोपे.

२० एप्रिल १९४९ रोजी हे जहाज शांघायहून यांगत्से नदीतून नानकिंगकडे चालले असता काठावरच्या साम्यवादी फौजेने त्याच्यावर तोफा डागल्या. जहाज वाळूत रुतले. नवा कप्तान स्किनर प्राणांतिक जखमी झाला, बरीच माणसे मेली. सायमनच्या अंगात गोळ्याचे तुकडे घुसले आणि मिशा जळाल्या. तो रात्र काढणार नाही असेच सर्वांना वाटले. पण तो जगला, आणि उभे राहता येऊ लागताच पुन्हा उंदरांच्या मागे लागला. त्या अवस्थेत ही चैन नव्हती. उन्हाळा होता, जहाज हलत नव्हते, नवा शिधा मिळण्याची खात्री नव्हती, आणि जुलैत माणसांना अर्ध्या शिध्यावर आणावे लागले. उंदीर त्या शिध्यावर पडत होते. आजारी खोलीत पडलेल्या पोरसवदा खलाशांच्या अंथरुणावर सायमन जाऊन बसे, अशीही हकीकत आहे. ३० जुलैच्या रात्री केरान्स या अधिकाऱ्याने अंधारात जहाज हाकारले आणि शंभरावर मैल नदी उतरून ते समुद्रात आणले.

येथून पुढची हकीकत आमच्या विषयाची आहे. जहाज सुटल्याची बातमी पसरली आणि तिच्याबरोबर मांजराचीही. मग पत्रे येऊ लागली. ज्यांनी यांगत्से कधी पाहिली नव्हती, ज्यांचा जहाजावर कोणी आप्त नव्हता, अशांची पत्रे. ती खलाशांना नव्हती, सायमनला होती. त्याच्यासाठी खाऊही येऊ लागला. पत्रांचा लोट एवढा झाला, की लेफ्टनंट स्ट्युअर्ट हेट या अधिकाऱ्याला ‘मार्जार अधिकारी’ नेमून त्याच्याकडे उत्तरे लिहिण्याचे काम सोपवावे लागले. आरमारासारख्या शिस्तीच्या खात्यात असे पद निर्माण व्हावे याचे प्रथम हसू येते. पण थोडा विचार केला तर त्यातले शहाणपण दिसते. तीन महिने ही माणसे जगापासून तुटली होती. त्यांच्या वाट्याला गोळे, उकाडा आणि मेलेले सोबती आले होते. त्या गोष्टींवर अनोळखी माणसाने काय लिहावे? लिहिणाऱ्याला शब्द सापडत नाहीत आणि वाचणाऱ्याला ते नकोसे वाटतात. मांजर कसे आहे, हे मात्र कोणीही विचारू शकतो, आणि त्याचे उत्तर कोणीही देऊ शकतो. आमच्या मते त्या पत्रांतले पुष्कळसे कुशल सायमनच्या नावाने खलाशांनाच विचारलेले होते.

१ नोव्हेंबर १९४९ रोजी जहाज प्लिमथला पोचले. पिसाळरोगाच्या भयाने बाहेरून येणारा प्राणी सहा महिने अलग ठेवण्याचा तेव्हा इंग्लंडात नियम होता. तो सायमनलाही लागू झाला. २८ नोव्हेंबरला तो त्या अलगीकरणाच्या जागी मेला. प्राण्यांच्या शौर्यासाठी असलेले डिकिन पदक त्याला मरणोत्तर मिळाले, आणि हे पदक मिळालेले ते एकटेच मांजर. त्याच्या मृत्यूनंतर पुन्हा पत्रे आणि फुले आली. पुढे १९७५ साली ब्रिटिश आरमाराने जहाजांवर मांजरे ठेवणे बंद केले.

आजच्या नदीवरच्या बोटींवर मांजर नाहीच असे नाही. ऱ्हाइनवर पुष्कळ बोटी कुटुंबाच्या मालकीच्या असतात, नवराबायको तीवरच संसार करतात, आणि अशा संसारात मांजर असणे नवलाचे नाही. ती बोट बाझलहून रॉटरडॅमला जाताना स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स या देशांचा काठ पाहते. म्हणून मांजराचीही कागदपत्रे लागतात : कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळखखूण, पिसाळरोगाची लस, आणि पहिल्या लशीनंतर २१ दिवसांची वाट. २००४ पासून युरोपीय संघात पाळीव प्राण्यांसाठी पारपत्रच निघाले आहे. पण कंपनीच्या बोटीवर पगारी काम करणाऱ्याला सहसा ही मुभा नसते. त्याचे मांजर घरी राहते. मग २८ दिवस त्याच्याकडे कोण पाहणार?

येथे मार्जारप्रेमींची ओळख गप्पांपुरती राहत नाही, तिला काम येते. मार्क ट्वेनने १९०६ च्या उन्हाळ्यात न्यू हॅम्पशायरमधल्या डब्लिन गावी राहायला गेल्यावर तीन पिले चक्क भाड्याने घेतली. उन्हाळा संपला की आपण निघून जाणार, मग पिलांना धनी कोण राहील, म्हणून ही योजना. मूळ मालक कायमच राहिला. एकाचे नाव त्याने गोणपाट ठेवले आणि उरलेली दोन हुबेहूब सारखी, म्हणून दोघांचे मिळून राख. ख्रिस्ती लोकांत गोणपाट नेसणे आणि राख फासणे ही शोकाची चिन्हे आहेत. खेळकर पिलांना ती नावे म्हणजे त्याच्या स्वभावाला साजेशीच थट्टा. पण थट्टेखालचा हिशेब पक्का होता. जाणाऱ्या माणसाने मांजर लावून घ्यायचे तर मागे राहणारे माणूस आधी शोधावे. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०५ मध्ये, न्यूयॉर्कला त्याचा बॅम्बिनो नावाचा काळा बोका हरवला. त्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. बोका परत आल्यावरही कितीतरी दिवस लोक निरनिराळी मांजरे घेऊन त्याच्या दारी येत राहिले.

नदीवर नोकरी करणाऱ्याला आमची सूचना अशी, की निरोपांचे दोन वर्ग आरंभीच पाडावेत. पहिला वर्ग जिवाच्या निरोपांचा. बोका वारंवार वाळूत जाऊन बसतो आणि लघवी होत नाही, तर मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. मांजराने दोन-तीन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, विशेषतः ते लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. कोणी घरात लिलीची फुले आणली आणि मांजराने पान चावले, तर मूत्रपिंडे निकामी होतात. या बातम्या पत्राच्या नव्हेत आणि भ्रमणध्वनीवर नुसते विचारण्याच्याही नव्हेत. नदीवर दोन गावांमधल्या लांब पट्ट्यात भ्रमणध्वनीची लहर कधी असते, कधी नसते. आणि लहर असली तरी माणूस सहा तासांच्या झोपेत असतो. म्हणून बोटीवर चढण्यापूर्वीच एक कागद लिहून ठेवावा : मांजर ज्याच्याकडे आहे त्याने माझी वाट न पाहता ते डॉक्टरांकडे न्यावे, अमुक रकमेपर्यंतचा खर्च मी देईन, उपचाराचा निर्णय अमक्याने घ्यावा. वाचायला हा कागद रुक्ष वाटतो. पण धरून बसलेल्या मित्राची अर्धी काळजी त्याने उतरते, आणि मैत्री पुढे टिकण्याची शक्यता वाढते. मांजर मेले आणि दोष कोणाचा यावरून बोलणे बंद झाले, अशी उदाहरणे मांजरवाल्यांत थोडी नाहीत.

दुसरा वर्ग निवांत निरोपांचा, आणि खरी गोडी त्यातच आहे. यासाठी जुन्या पठडीतले फिरते पुडके आम्हांला फार पसंत आहे. सहा-सात जण मिळून क्रम ठरवितात. पहिला पत्र लिहून दुसऱ्याला पाठवितो, दुसरा त्यात आपले घालून तिसऱ्याला, आणि असे होत सर्वांची पत्रे असलेले पुडके पहिल्याकडे परत येते. तो आपले जुने पत्र काढून घेतो, नवे घालतो, आणि पुडके पुन्हा निघते. बोटीवरच्या सभासदाचे नाव यादीत त्याच्या सुटीच्या दिवसांशी जुळवून बसवावे आणि त्याचा पत्ता काठावरच्या पक्क्या घराचा द्यावा. म्हणजे तो उतरेल तेव्हा पुडके तेथे त्याची वाट पाहत असेल. काही म्हणतील, आता क्षणात छायाचित्र पाठविता येते, मग हा खटाटोप कशाला? छायाचित्र जरूर पाठवावे. पण झोपलेल्या मांजराची शंभर छायाचित्रे पाहूनही त्याचे काय चालले आहे ते कळत नाही. नव्या घरात ते पहिले तीन दिवस कपाटाखाली होते, चौथ्या दिवशी कपाटावर चढले, आठव्या दिवशी पाहुण्यासमोर ताणून झोपले, हे कोणीतरी लिहावे लागते. आणि जो महिनाभर घर सोडून आहे त्याला वाचायचे असते ते हेच.

एक हौस मात्र सर्वांनाच असते, ती म्हणजे बोटीवरून फोन करून मांजराशी बोलण्याची. तिची टिंगल करण्याचे कारण नाही. तोक्यो विद्यापीठातले आत्सुको साइतो आणि काझुताका शिनोझुका यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात २० घरगुती मांजरांना, मालक दिसत नसताना, ध्वनिमुद्रित हाका ऐकविल्या. आधी तीन अनोळखी माणसांच्या, मग मालकाची, मग आणखी एका परक्याची. परक्यांच्या हाका एकामागून एक ऐकल्यावर मांजरांचे लक्ष उतरत गेले आणि मालकाचा आवाज येताच ते पुन्हा जागे झाले. म्हणजे मांजर आवाज ओळखते. पण ते ओळखल्याचे दाखविते ते कान हलवून आणि मान वळवून. उठून येणे किंवा ओरडून उत्तर देणे त्यांच्यापैकी फार थोड्यांनी केले. तेव्हा फोनवरून हाक मारणाऱ्याने उत्तराची वाट पाहत बसू नये. पलीकडे जो मित्र फोन धरून उभा आहे त्याला मांजराचे कान तेवढे पाहायला सांगावे.